आधी आवश्यकता, मग आज्ञावली

चेन्नईच्या एग्मोर भागात कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. १८९६ साली ते वाचकांसाठी खुले झाले. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातील चार ग्रंथालयांकडे पाठविली पाहिजे, असे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले. या चार ग्रंथालयांपैकी कॉनेमारा हे एक होय. त्यामुळे पुण्यात छापलेले मराठी पुस्तक आणि मदुराईत छापलेले तमिळ पुस्तक यांची गाठ येथे एकाच छपराखाली पडू शकते.

आता अशी कल्पना करू की, अनेक भाषांतील ग्रंथ बाळगणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाला आपली सूची संगणकावर आणावयाची आहे. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला आज्ञावली, अथवा व्यवहारातील शब्दात सॉफ्टवेअर, म्हणतात. ग्रंथपाल आज्ञावलीकाराला बोलावतात आणि सांगतात, "पुस्तकांची नावे अकारविल्हे लावून द्या." वाक्य सुटसुटीत आहे. त्यात काही अस्पष्ट आहे असे दोघांनाही वाटत नाही. तथापि याच वाक्यात पुढील सर्व घोटाळ्याचे बीज आहे.

एका अक्षराचा प्रवास

संगणक अक्षर ओळखत नाही. तो केवळ संख्या ओळखतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५, 'व'चा २३५७ आणि 'ह'चा २३६१ आहे. आज्ञावलीकाराने या क्रमांकांच्या चढत्या क्रमाने नावे लावली, तर 'मळा' हे नाव प्रथम येईल आणि त्यानंतर 'मवाळ', 'मशाल', 'महाल' ही नावे येतील. परंतु आपल्या वर्णमालेत 'ळ' हे अक्षर 'ह'च्या नंतर येते, हे शाळेतील मूलही जाणते. तेव्हा मराठी वाचक 'मळा' हे नाव 'महाल'च्या पुढे शोधणार. तेथे ते त्याला आढळणार नाही.

तमिळ वाचकाची अडचण याहून निराळी नाही. ज्या अक्षराने 'तमिळ' हा शब्द संपतो, ते अक्षर तमिळ वर्णमालेत 'व'च्या नंतर येते, पण क्रमांकांच्या मांडणीत 'व'च्या आधी बसले आहे. तमिळमध्ये 'न'साठी दोन अक्षरे आहेत. त्यांपैकी एक 'त'च्या पाठोपाठ येते आणि दुसरे अठरा व्यंजनांच्या अगदी शेवटी येते. क्रमांकांच्या मांडणीत मात्र ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

हा युनिकोडचा दोष नव्हे. भारतीय लिप्यांतील समान ध्वनींच्या अक्षरांना शक्य तो समान स्थान मिळावे, या हेतूने ही मांडणी केलेली आहे. अक्षराचा क्रमांक म्हणजे त्याचा कोशातील क्रम नव्हे, हेही त्या पद्धतीत मान्य केलेले आहे, आणि भाषेगणिक वेगळा क्रम लावण्याची साधने उपलब्ध आहेत. आज्ञावलीकाराला ती वापरता आली असती. ती वापरावयाची आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते इतकेच. ग्रंथपालांना ते सांगण्याची गरज वाटली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने अकारविल्हे म्हणजे काय हे स्वयंस्पष्ट होते. जे आपल्याला स्वयंस्पष्ट वाटते, तेच नेमके लिहावयाचे राहून जाते.

आवश्यकतापत्रक म्हणजे काय

आज्ञावली रचण्यास आरंभ करण्यापूर्वी तिने काय केले पाहिजे, याचे जे लेखी निवेदन तयार करतात, त्यास आपण आवश्यकतापत्रक म्हणू. 'काय' आणि 'कसे' यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. 'मराठी नावे मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावावीत. "ळ" हे अक्षर "ह"नंतर धरावे. "क्ष" आणि "ज्ञ" सर्वांच्या शेवटी धरावेत' हे आवश्यकतेचे विधान झाले. त्यासाठी संगणकाच्या स्मृतीत कोणती रचना वापरावी हा 'कसे'चा प्रश्न असून तो आज्ञावलीकाराच्या अधिकारातील आहे.

वरील विधानात 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ही जोडाक्षरे शेवटी धरावीत की अनुक्रमे 'क' आणि 'ज' यांच्या पोटात घालावीत, याविषयी दोन पद्धती संभवतात. कोणती स्वीकारावी हे ग्रंथालयाने ठरवावयाचे असते. त्याने ते ठरविले नाही, तर घाईच्या वेळी आज्ञावलीकार ठरवील, आणि आपण काही ठरविले आहे याची त्यालाही जाणीव असणार नाही.

हा विचार चेन्नईला नवा नाही. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते तेव्हाच्या मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथ कोणासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ कसा वाचावा, याचा निर्णय प्रथम झाला. ग्रंथाच्या पाठीवर कोणते चिन्ह लिहावे हा प्रश्न त्यानंतरचा ठरला. पुढे त्यांनी वर्गीकरणाच्या कामाच्या कल्पना, शब्द आणि चिन्हे अशा तीन पातळ्या वेगळ्या केल्या आणि चिन्हांनी कल्पनेच्या आज्ञेत राहिले पाहिजे, असा आग्रह धरला. संगणकाच्या आज्ञा हीदेखील चिन्हेच आहेत. त्यांनाही हाच न्याय लागू पडतो.

चांगल्या विधानाची लक्षणे

पहिले लक्षण असे की, विधानाचा अर्थ एकच निघावा. 'लेखकाचे आडनाव आधी लिहावे' हा नियम मुंबईत निर्दोष वाटेल. परंतु रंगनाथन यांच्या नावात आडनाव कोणते? शियाळी हे त्यांचे गाव, रामामृत हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. तमिळनाडूतील असंख्य व्यक्तींना आडनावच नसते. आडनावाचा रकाना भरल्यावाचून पुढे न जाणारी आज्ञावली अशा लेखकापाशी अडून बसेल, अथवा कारकुनाला काहीतरी खोटे लिहिणे भाग पाडील.

दुसरे लक्षण असे की, विधान पडताळून पाहता आले पाहिजे. 'शोध जलद व्हावा' हे विधान नसून इच्छा आहे. 'दोन लाख नोंदींच्या सूचीत एकाच वेळी वीस वाचक शोध घेत असता, दर दहा शोधांपैकी किमान नऊ शोधांचे उत्तर दोन सेकंदांच्या आत मिळावे' असे लिहिले, म्हणजे घड्याळ हाती घेऊन कोणालाही निवाडा देता येतो.

तिसरे लक्षण असे की, विधाने परस्परविरोधी नसावीत. एका कलमात 'कोणत्याही वाचकास दोनच पुस्तके द्यावीत' आणि दुसऱ्यात 'शिक्षकांस पाच पुस्तके द्यावीत' असे असेल, तर शिक्षक हा वाचक आहे की नाही, असा प्रश्न उभा राहतो. माणूस तारतम्याने तो सोडवील. यंत्राला तारतम्य नसते.

चौथे लक्षण असे की, नेहमीच्या व्यवहाराबरोबर अडचणीच्या प्रसंगांचाही त्यात विचार असावा. वीज गेली, पुस्तक हरवले, एकाच नावाचे दोन लेखक निघाले, तर काय व्हावे? कोणती आज्ञावली पक्की आणि कोणती कच्ची, हे बहुधा अशाच प्रसंगी उघडकीस येते.

न लिहिलेल्या ओळीची किंमत

ग्रंथसूचीतील चूक वाचकाचा वेळ घेते. अन्यत्र तिची किंमत फार मोठी असू शकते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात, उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियन ४ या यानावरून घेतलेली होती. नव्या यानाचा आडवा वेग अधिक असल्यामुळे, ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावू शकतील अशा जागेत त्याहून मोठी संख्या येऊन पडली आणि यंत्रणा बंद पडली. चौकशीत असे आढळले की, नव्या यानाच्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या आवश्यकतापत्रकात समाविष्टच केलेली नव्हती. आज्ञावलीने तिला सांगितलेले काम केले. बदललेली परिस्थिती तिला कोणी सांगितली नव्हती.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचताच गमावले गेले. यानाच्या लहान प्रक्षेपकांनी दिलेला आवेग न्यूटन-सेकंदांत द्यावा, असे लेखी ठरले होते. प्रत्यक्षात पृथ्वीवरील एक आज्ञावली तो पौंड-सेकंदांत देत होती, आणि या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचे अंतर आहे. येथे विधान लिहिलेले होते, परंतु ते प्रत्यक्षाशी ताडून पाहिले गेले नाही. तात्पर्य, लेखन आणि पडताळणी ही एकाच कामाची दोन अंगे होत.

बदलाला जागा

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व गरजा आरंभीच कोणाला कळतात? वाचक सूची वापरू लागल्यावरच अनेक गोष्टी सुचतात. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आज पुष्कळ ठिकाणी आज्ञावली लहान लहान टप्प्यांनी रचतात आणि प्रत्येक टप्पा वापरणाऱ्याला दाखवून पुढील गरजा ठरवितात. परंतु यामुळे लेखनाची आवश्यकता नाहीशी होत नाही; ते प्रत्येक टप्प्याला करावे लागते. बदल अवश्य करावा, मात्र तो कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याची नोंद ठेवावी.

अमेरिकन तज्ज्ञ वॉट्स हम्फ्री यांनी १९८६ नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत आज्ञावली-निर्मितीच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या मांडण्याच्या कामाला चालना दिली. त्यांतील दुसऱ्या पायरीवरच आवश्यकतांच्या व्यवस्थापनाला स्थान दिलेले आहे. या विचाराचा भारतातील आज्ञावली-उद्योगावर मोठा प्रभाव पडला. ज्या चेन्नईत २००० साली तारामणी येथे टायडल पार्क हे या उद्योगाचे विस्तीर्ण संकुल उभे राहिले, त्याच शहरात हम्फ्री यांच्या नावाने एक सॉफ्टवेअर-गुणवत्ता संस्थाही स्थापन झाली.

शाळांना एक प्रयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाने शालेय ग्रंथालयातील पुस्तक देण्याघेण्याचे नियम लिहावेत. दुसऱ्याने स्वतःची बुद्धी किंचितही न चालविता, केवळ लिहिल्याबरहुकूम वागावे. पहिल्या पाच मिनिटांतच कोणती ओळ लिहावयाची राहिली ते सर्वांना कळून येईल.

ग्रंथपालांनीही या कामात संकोच बाळगू नये. आज्ञा कशा लिहाव्यात हे त्यांना ठाऊक नसले तरी चालेल. आपला वाचक पुस्तक कोठे आणि कसे शोधतो, हे मात्र त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ते ज्ञान कागदावर उतरले नाही, तर 'मळा' शोधण्यास आलेला विद्यार्थी 'महाल'च्या पुढे पाहील, आणि ग्रंथालयात हे पुस्तक नाही असे समजून परत जाईल. पुस्तक मात्र त्या वेळी फडताळातच असेल.