नकळत उचललेली ढब

समोरचा माणूस हाताची घडी घालून बसला, की थोड्या वेळाने आपलेही हात तसेच होतात. हे आपण ठरवून करत नाही. १९९९ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतील तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी हे प्रयोगातून दाखवले. विद्यार्थ्यांना अनोळखी जोडीदारासोबत छायाचित्रांचे वर्णन करायचे होते. जोडीदार चेहरा चोळणारा असेल तर विद्यार्थीही जास्त वेळा चेहरा चोळत. पाय हलवणारा असेल तर पाय हलवत. नंतर विचारले, तर त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या प्रयोगात जोडीदाराने विद्यार्थ्यांच्या हालचाली हळूच उचलल्या. तेव्हा तो त्यांना अधिक आवडला. स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहणाऱ्यांमध्ये ही सवय जास्त आढळली.

म्हणून वर्गात किंवा घरात एखादे मूल कुणाची ढब उचलते, तेव्हा ‘चिडवतोस का?’ म्हणून लगेच दटावू नये. इतरांकडे बघत, हसत केलेली नक्कल ही टिंगलच. ती थांबवली पाहिजे. पण मित्राचे मन लावून ऐकताना त्याच्यासारखी मान हलली, तर तो जिव्हाळाही असू शकतो. आम्ही शिक्षकांनी आणि घरी अम्मी-अब्बांनी आधी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे, मग बोलावे.