आधी स्वच्छ सूर, मग गर्जना

"अगं, ही पोर म्हणते तिला 'मॉड्यूल' हवीत. एक नाही, चांगली दोन! गिटार घेतली, अॅम्प घेतला, आता हे काय नवीन?"

बडोद्याहून ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज काळजीचा होता. माझी भाची कॉलेजात शिकते आणि लहान मुलांच्या गिटारच्या शिकवण्या घेते. वर्षभर साठवलेले पैसे एका झटक्यात जाणार, ही ताईची भीती. शिवाय वस्तू तिचे न्यू जर्सीचे काका दिवाळीला येताना आणणार, म्हणजे आवडली नाही तर परत करण्याची सोय नाही.

ज्या घरात इलेक्ट्रिक गिटार आहे, तिथे आज ना उद्या हा प्रश्न येतोच. म्हणून ही वस्तू काय आहे, हे आईवडिलांनीही समजून घेतलेले बरे.

मोटर एक, भांडी अनेक

गिटारच्या तारा थरथरल्या की त्यांच्याखालच्या पिकअपमधून विजेचा अगदी क्षीण संकेत निघतो. प्रीअॅम्प तो वाढवतो आणि आवाजात खर्ज किती, मधला भाग किती, तीक्ष्णपणा किती हे ठरवतो. पुढे पॉवर अॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. म्हणजे आवाजाचा स्वभाव बराचसा प्रीअॅम्पमध्येच घडतो.

मॉड्यूल म्हणजे हा प्रीअॅम्प एका छोट्या, सुट्या डबीत. आपल्या मिक्सरची मोटर एकच असते. चटणीला एक भांडे, ज्यूसला दुसरे. तसेच मुख्य यंत्र एकच ठेवायचे आणि हवे ते मॉड्यूल त्यात सरकवायचे. अमेरिकेत १९८०च्या दशकात सीमोर डंकन कंपनीने असा अॅम्प काढला होता. पुढे रँडल कंपनीने ब्रूस एग्नेटर यांच्या साहाय्याने ही पद्धत रुळवली. आजच्या सिनर्जी मॉड्यूलमध्ये '१२ एएक्स ७' जातीचे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. आजोबांच्या रेडिओत लाल उजळायचे, त्याच काचेच्या व्हॉल्व्हचे हे भाऊबंद!

आवाज फाटतो, तो का आवडतो?

व्हॉल्व्हला झेपेल इतकाच संकेत दिला तर आवाज स्वच्छ येतो. याला वादक 'क्लीन' म्हणतात. 'गेन'चे बटण वाढवत नेले की व्हॉल्व्हची मर्यादा संपते. छताला डोके टेकावे तशी ध्वनिलहरीची शिखरे चपटी होतात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. हाच 'ओव्हरड्राइव्ह'. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की तार उपस्वरांनी भरून येते, ते आठवून पाहा. तिथली करामत घोडीची, इथली व्हॉल्व्हची. पण कानाला भरलेपण का वाटते, ते यावरून उमजेल.

लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जो अॅम्प तयार झाला, त्याचा आराखडा कॅलिफोर्नियाच्या फेंडर कंपनीच्या 'बासमन' अॅम्पवरून घेतला होता. १९६४ साली 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस यांनी तर फाटका आवाज मिळावा म्हणून स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. जो दोष होता, तोच अलंकार झाला. त्यामुळे आजची मॉड्यूलही घराणी सांगतात. फेंडरच्या वळणाची स्वच्छ आणि चमकदार, मार्शलच्या वळणाची मधल्या सुरांत ठसठशीत, तर १९८७च्या सुमारास आलेल्या सोल्डानोच्या वळणाची भरघोस गेनची, लांबलचक सोलोसाठी.

कान काय म्हणतात?

भाची सुटीत मुंबईला आली तेव्हा आम्ही अशी मॉड्यूल असलेल्या एका ओळखीच्या वादकाकडे गेलो. तिची निवड ठरलेली होती: दोन्ही भरघोस गेनची. त्यांनी फक्त एवढेच सांगितले, "तू कार्यक्रमात वाजवतेस ते गाणे यावर वाजव."

तिने सहाही तारांचे कॉर्ड छेडले आणि सगळ्या सुरांचा गोळा झाला. मग त्यांनी तिला फक्त षड्ज आणि पंचम वाजवायला सांगितले. तेच मॉड्यूल, पण आवाज भरदार आणि स्वच्छ ओळखू येणारा! गेन जास्त असले की सुरांची आपापसात भेसळ होऊन नवे सूर निघतात. षड्ज-पंचमात ते जुळून येतात, गुंतागुंतीच्या कॉर्डमध्ये भांडतात. भाची गप्प झाली. तिच्या बँडची बहुतेक गाणी कॉर्डचीच होती.

त्या दुपारी शिकलो ते असे. आधी स्वच्छ आवाज निवडावा. सहा तारा जोरात छेडूनही तो फाटता कामा नये. नंतर ओव्हरड्राइव्ह ऐकावा, तोही गेन अर्ध्यावर ठेवून. गिटारवरचे व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज निवळत असेल तर ते मॉड्यूल दोन कामे करील. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवावा, कारण मोठा आवाज कानाला उगीच चांगला वाटतो. गिटार आणि स्पीकर शक्यतो आपलेच असावेत. घरी हळू आवाजात खर्ज कमी वाटतो म्हणून तो वाढवला, तर सभागृहात नुसती घुमघुम होते.

पैसे देण्यापूर्वी

बऱ्याच मॉड्यूलमध्ये दोन चॅनल असतात, एक सौम्य आणि एक तिखट. दुसरे मॉड्यूल लागेलच असे नाही. घरच्या अॅम्पच्या मागे 'रिटर्न'चे सॉकेट असेल तर प्रीअॅम्प तिथे जोडता येतो. रात्री हेडफोनवर वाजवायचे असेल तर 'कॅबिनेट सिम्युलेशन'ची सोय पाहावी. ती नसेल तर ओव्हरड्राइव्ह माशी गुणगुणल्यासारखा ऐकू येतो.

सर्वांत महत्त्वाचे विजेचे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. मुख्य यंत्र २३० व्होल्टवर चालते का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. आणि व्हॉल्व्हचा अॅम्प घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते.

भाचीने काकांना दोन चॅनलचे एकच मॉड्यूल आणि २३० व्होल्टचे मुख्य यंत्र आणायला सांगितले. उरलेले पैसे बँकेत राहिले.

दिवाळीत ताईचा पुन्हा फोन आला. मागे गिटार वाजत होती. "ऐकतेस ना?" ती म्हणाली, "अगं, आता शब्द नसले तरी गाणे कोणते ते कळते!"

मी म्हटले, "ताई, एवढ्यासाठीच तर सारी खटपट होती."