लॉन लावण्याआधी पाणी मोजा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. कार्यालयासमोर दोन गुंठ्यांत लॉन केलेलं. शहरातलं प्रदर्शन बघून सरपंचांनी हौसेनं करून घेतलं होतं. एप्रिलअखेर त्याचा पार पाचोळा झालेला. गावात टँकर सुरू, लॉनला पाणी घालणार कोण? सरपंच म्हणाले, "साहेब, दिसत मात्र लई झ्याक होतं."

प्रदर्शनातल्या बागेची हीच गोम आहे. लंडनमध्ये चेल्सीला १९१३ पासून पुष्पप्रदर्शन भरत आलं आहे. तिथं जपानी, मोरोक्कोची, अशा देशोदेशींच्या पद्धतीच्या नमुना बागा मांडतात. जपानच्या काझुयुकी इशिहारा यांनी तिथं कितीतरी सुवर्णपदकं मिळवली. पण या बागा दोन-तीन आठवड्यांत उभ्या करतात, लोक जेमतेम आठवडाभर बघतात नि मग त्या काढून टाकतात. आपल्याला तर मे महिना काढायचा असतो.

लॉनची चाल इंग्लंडची. लंडनचा पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर. म्हणजे फार नाही, आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या थोडा पुढं. पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो, ऊनही कोवळं. आपला जवळपास सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी गुंठ्याला दिवसाला ५०० लिटर लागतं, दोन गुंठ्यांना हजार. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अंदाजपत्रकाला हा आकडा जरूर जोडावा.

त्यापेक्षा इराणातून मोगलांनी आणलेली चारबाग आपल्याला जवळची. ती कोरड्या मुलखातच जन्मली. मधून पाण्याचे पाट, जागेचे चार भाग, रस्ते उंच नि वाफे खोल. पाणी वाफ्यातच मुरतं, फळझाडांना मिळतं. शेतकऱ्याला यात नवं काय? छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याभोवती अशीच आखणी आहे, सहल नेली तर मुलांना दाखवा.

जपानी बाग पाहायला पुण्यात सिंहगड रस्त्याला जा. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान दहा एकरांचं, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं, २००६ साली खुलं झालं. मूळची कोराकुएन १७०० मध्ये पुरी झाली. तिथल्या सरदाराच्या या बागेत भातखाचर नि चहाचा मळाही आहे! शेत म्हणजे बागेला कमीपणा, असं त्यांना वाटलं नाही. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरात तर पांढऱ्या खडीत १५ दगड मांडलेत, बस्स. पाण्याचा थेंब लागत नाही, तरी जगभरातून माणसं येऊन तासन्‌तास बसतात.

आमच्या त्या गावात यंदा नवी आखणी केली आहे. शाळेत हात धुण्याचं पाणी मधल्या पाटात सोडायचं, दोन्ही बाजूंना चार खोलगट वाफे, त्यांत डाळिंब, लिंबू नि मोगरा. कच्ची खायची पालेभाजी या पाण्यावर घ्यायची नाही. दर्शनी भागात गावच्या माळावरचे दगड नि खाणीची बारीक खडी. वाळूच्या भानगडीत पडू नका, तिला परवानगी लागते.

सरपंचांनी हट्टानं एक कोपरा लॉनसाठी मागून घेतला, दहा बाय दहा फुटांचा. उन्हाळ्यात त्याला रोज तीन बादल्या लागतील. त्या कोण घालणार, ते नाव आधीच वहीत लिहून घेतलं आहे.