चोरट्या सिगारेटी आणि तंबाखूवरील कर

निपाणी व कागल या भागांत मुख्यतः विडीचा तंबाखू पिकतो. सिगारेटीस लागणारा व्हर्जिनिया तंबाखू आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांत होतो. तेव्हा कर चुकवून विकल्या जाणाऱ्या सिगारेटींशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्याकडील शेतकऱ्यास पडणे स्वाभाविक आहे. परंतु हा चोरटा माल खेड्यातील दुकानापर्यंत येतो आणि स्वस्त असल्यामुळे प्रथम तरुण मुलांच्या हाती पडतो. म्हणून त्याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

१९४३ साली आपल्या देशात तंबाखूच्या पानावर अबकारी कर बसला. पीक किती झाले याची नोंद शेतकऱ्यास द्यावी लागे. कर भरल्याशिवाय किंवा परवान्याच्या वखारीत ठेवण्याची व्यवस्था केल्याशिवाय माल हलविता येत नसे. असंख्य शेतांवर व खळ्यांवर नजर ठेवणे हे अतिशय जिकिरीचे काम होते. १९७९ साली पानावरील हा कर उठविण्यात आला व कराचा भार तयार मालावर ठेवण्यात आला. माल जितक्या थोड्या दारांतून बाहेर पडेल, तितका पहारा सोपा, हे त्यामागील तत्त्व होय.

पण हा पहारा ढिला पडला की चोरवाट निघते. सिगारेटीच्या किंमतीत कराचा वाटा मोठा असतो; तो चुकविणाऱ्यास तेवढी रक्कम नफ्यात पडते. काही माल परदेशातून चोरून येतो, तर काही देशातच तयार होऊन हिशेबाबाहेर विकला जातो.

यावर कर कमी करावा, असा उपाय काही जण सुचवितात. कॅनडाने तो करून पाहिला. तेथील कारखान्यांचा माल निर्यातीच्या नावाखाली करमुक्त अमेरिकेत जाई आणि सेंट लॉरेन्स नदी ओलांडून चोरून परत येई. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथील सरकारने कर घटविला. सिगारेटी स्वस्त झाल्या, सरकारचा महसूल मात्र बुडाला. पुढे २००८ साली तेथील दोन मोठ्या कंपन्यांनी या प्रकरणी गुन्हा कबूल केला आणि एक अब्जाहून अधिक कॅनेडियन डॉलर भरण्याचे मान्य केले. दोष केवळ कराच्या दरात नव्हता, मालाचा माग न ठेवण्यात होता, हे यावरून ध्यानात येईल.

मालाचा माग कारखान्यापासून दुकानापर्यंत ठेवावा, यासाठी २०१२ साली सोल येथे आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. २०१८ साली भारत त्यात सामील झाला व त्याच वर्षी तो अमलात आला.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लोकांस समजावून सांगाव्यात :

(१) पाकिटाच्या दर्शनी व मागील अशा दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर आरोग्यविषयक इशारा असावा, हा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू आहे. इशारा नसलेले पाकीट संशयास्पद समजावे.

(२) सुटी सिगारेट पाकिटाबाहेर असल्याने तिचा इशाराही दिसत नाही व मूळही कळत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास बंदी घातली आहे.

(३) तंबाखूचे पान नोंदणीकृत खरेदीदारास विकावे व पावती जपून ठेवावी. २०१७ साली सुरू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत अशा पानावरील कर शेतकऱ्याने नव्हे, तर नोंदणीकृत खरेदीदाराने भरावयाचा असतो. पावतीवाचून झालेल्या व्यवहारात पैसे बुडाले, तर शेतकऱ्याजवळ पुरावा राहत नाही.

कर भरलेली सिगारेटही शरीरास अपायकारकच आहे. ती महाग राहिली तर व्यसनास आळा बसतो. चोरटी सिगारेट हा बांध फोडते. तो राखण्याचे काम केवळ सरकारी अधिकाऱ्यांचे नसून, पावती मागणाऱ्या शेतकऱ्याचे व चोरटा माल नाकारणाऱ्या दुकानदाराचेही आहे.