प्राणहितेचा साग आणि शिडाची व्यापारी जहाजे

बल्लारपूरच्या डेपोत सागाचे ओंडके पाहताना मला जहाज आठवते. मित्र हसतात, कारण चंद्रपूरहून समुद्र फार लांब. पण आपल्या पाण्याला समुद्राची वाट आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा नावाचे जुने बंदर होते. गोदावरीकाठचा साग तराफ्यांनी तिकडे जाई. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून तो आधी वाळवावा लागे, नाहीतर जोडीला बांबूंच्या मोळ्या बांधाव्या लागत. कोरिंग्यात जहाजे बांधली जात, डागडुजीलाही येत. 1789 आणि 1839 च्या वादळांनी ते बंदर मोडून टाकले.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी वापरला तो बहुतेक मलबारचा साग. लाकडाचा गुण एकच. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातले तेल त्यांना सांभाळते. वाडियांनी 1817 मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. ती युद्धनौका होती, म्हणून जपली गेली. व्यापारी जहाजाच्या नशिबी असले कौतुक क्वचितच येते. ते झिजेपर्यंत राबते.

त्याचे वर्ष वाऱ्याने आखलेले असे. मुंबईत कापसाच्या गाठी दाबून भरायच्या आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर चीनकडे निघायचे. अफूही त्याच वाटेने गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. कँटनहून चहा, रेशीम, साखर घेऊन ईशान्य वाऱ्यावर परतायचे. वारा चुकला की महिनोन्‌महिने बंदरात पडून राहणे. भाडे बंद, पण पगार आणि शिधा चालूच.

खलाशी गोळा करणारा सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल आणि मग बाकीचे. त्यांत कोकणातले बरेच. पहारा चार-चार तासांचा, दर अर्ध्या तासाला घंटेचे ठोके. आत झिरपलेले पाणी पंपाने उपसायचे, फाटलेली शिडे शिवायची, दोर बदलायचे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस-काथ्या ठोकून वर डांबर. तळाला तांब्याचे पत्रे, नाहीतर समुद्रातला किडा लाकूड पोखरून टाकी. ही माणसे इंग्रज खलाशांपेक्षा कमी पगारावर राबत. तरी 1823 च्या ब्रिटिश कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशी मानायचे नाकारले. मला यातला हिशेब मोठा बोलका वाटतो: लाकूड चालत होते, माणूस नाही.

जंगलाकडेही तोच हिशेब पोचला. जहाजांसाठी साग हवा म्हणून 1806 मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला जंगलांचा संरक्षक नेमले. संरक्षण कोणाकरिता, हे तिथल्या लोकांना लवकरच कळले, आणि ते पद 1823 मध्ये बंद करावे लागले. पण कल्पना टिकली. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलाची व्यवस्था पक्की केली. आमच्याकडच्या गोंड-माडियांना आपल्याच रानात जळण-बांबूसाठी परवानगी मागावी लागली, ती या व्यवस्थेपायी.

दरम्यान नदीची वाट मोठी करायचा एक प्रयत्न झाला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटींनी पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, म्हणून गोदावरी-प्राणहितेतले खडकाळ अडथळे पार करायची कामे निघाली. तिसरा अडथळा प्राणहितेत, आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. 1871 मध्ये ती योजना सोडून दिली. कापूस रेल्वेने मुंबईकडे वळला होता, आणि 1869 मध्ये उघडलेल्या सुवेझ कालव्याने आगबोटींची बाजू भक्कम केली होती. तांबड्या समुद्रातले वारे शिडांना साथ देत नाहीत. साग तोडणे काही थांबले नाही. तो रुळांखाली स्लीपर म्हणून जाऊ लागला.