ब्रिक्स्टनची पवनचक्की

दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात, घरांच्या दाटीत, १८१६ साली बांधलेली विटांची एक पवनचक्की उभी आहे. शहराच्या आतल्या भागात उरलेली ही एकमेव. आज तिच्यात पुन्हा गहू दळला जातो, आणि दळणारे स्वयंसेवक आहेत.

ॲशबी कुटुंबाने ती चालवायला घेतली तेव्हा भोवती मोकळी शेते होती. वस्ती वाढली तसा वारा अडला. १८६२ मध्ये त्यांनी धंदा मिचम येथील पाणचक्कीवर हलवला. पुढे पातीही उतरवली आणि चक्कीचे कोठार झाले. १९०२ मध्ये आत एक लहान गिरणी बसवली. ती आधी वाफेवर, मग गॅस इंजिनावर चालली आणि १९३४ मध्ये थांबली.

यापुढचा भाग आम्हा बँकवाल्यांना जास्त रुचणारा. चक्की पाडून सदनिका बांधण्याचे घाटत होते. १९५७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने ती विकत घेतली आणि १९६४ मध्ये दुरुस्त केली. त्यासाठी लिंकनशायरमधल्या एका बंद गिरणीचे भाग आणले. वास्तू देखणी झाली, पण दळण नव्हते. दुर्लक्ष आणि मोडतोड यांनी तिची पुन्हा दैना झाली.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा होता. माणसे आधी जमली : २००३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ विंडमिल गार्डन्स’ हे रहिवाशांचे मंडळ स्थापन झाले. लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे चार लाख पौंड मिळाले ते नंतर, २०१० मध्ये. मे २०११ मध्ये चक्की लोकांसाठी उघडली. मालकी आजही लॅम्बेथ नगरपालिकेची. चक्की उघडणे, पाहुण्यांना फिरवून दाखवणे, दळणे हे मंडळाचे काम. आपल्या मंडळात वास्तूनिधीचा विषय निघाला की आम्ही म्हणूनच आधी विचारतो, किल्ली कोणाकडे राहणार?

लंडनमध्येही वाऱ्याचा भरवसा नाही, त्यामुळे दळण मुख्यतः १९०२ च्याच गिरणीवर होते, फक्त आता विजेवर. तत्त्व आपल्या जात्याचे : खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि दगड गुळगुळीत झाला की टाकी लावायची. कोंड्यासकट निघालेले पीठ विकले जाते. त्यात गव्हाच्या अंकुराचे तेल राहते, म्हणून ते फार दिवस टिकत नाही. लागेल तेवढेच न्यावे.