ठोकळ्यांचा वाडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या दहा वर्षांच्या नातवाचा टॅब्लेट काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे कुलपावर माझा विश्वास जरा अधिकच. नातू रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "आजोबा, मी काय बांधत होतो ते तुम्ही बघितलं का?" मी पाहिले नव्हते. कागदपत्रे न वाचताच कर्जाचा अर्ज फेटाळणाऱ्या अधिकाऱ्यासारखे माझे वर्तन झाले होते. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडले आणि त्याच्या शेजारी बसलो.

तो खेळत होता त्या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ मध्ये तो प्रथम लोकांसमोर आणला आणि २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळाची निर्माती कंपनी मोजांग अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. खेळाचे तत्त्व साधे आहे. सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. ठोकळा खणावा, साठवावा, त्यापासून दुसरी वस्तू घडवावी आणि हवे ते बांधावे. प्रत्येक ठोकळा एक घनमीटरचा मानला जातो. या एका गोष्टीमुळे खेळात आपोआप मोजमाप येते.

ही शक्यता शिक्षकांच्या लवकरच ध्यानात आली. न्यूयॉर्कमधील जोएल लेविन या संगणक शिक्षकाने २०११ मध्ये हा खेळ लहान मुलांच्या वर्गात नेला. त्याने फिनलंडमधील सहकाऱ्यांच्या साहाय्याने शाळांसाठी वेगळी आवृत्तीही तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती घेतली आणि २०१६ मध्ये स्वतःची शैक्षणिक आवृत्ती आणली. तिच्यात मुलांना आपल्या बांधकामाची छायाचित्रे घेऊन वहीसारखी नोंद ठेवता येते, संगणकीय आज्ञा लिहून ठोकळे रचता येतात आणि सर्व मुले एकाच जगात मिळून काम करू शकतात. स्टॉकहोममधील एका शाळेने तर तेरा वर्षांच्या मुलांना हा खेळ सक्तीचा केला होता. नगररचना आणि पर्यावरण यांचा विचार मुलांनी करावा, हा त्यामागील हेतू. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा विभागाने २०१४ मध्ये आपला संपूर्ण देश प्रत्यक्ष मापात या खेळात उभा केला, तोही प्रामुख्याने शाळांच्या उपयोगासाठी.

तथापि शाळेत शिक्षक असतो; घरी कोण? म्हणून मी नातवाला एक काम सुचवले. बार्शीला आमचा जुना वाडा होता. पुढे पेढी, मागे राहते घर. वाटणीनंतर तो विकला गेला आणि पुढे पाडला गेला. त्याच्या खरेदीखताची प्रत माझ्या संग्रही होती. दर्शनी बाजू २४ फूट, खोली ६० फूट आणि चतुःसीमा. नातवाने फुटांचे मीटर केले. ७.३२ म्हणजे ७ ठोकळे, १८.२९ म्हणजे १८ ठोकळे. जमीन झाली १२६ ठोकळ्यांची. मी म्हटले, "१४४० चौरस फुटांचे सुमारे १३४ चौरस मीटर होतात. मग आठ मीटर जागा गेली कुठे?" तो बराच वेळ विचार करत बसला. दोन्ही बाजू जवळच्या पूर्णांकात मांडल्या की गुणाकारात तूट केवढी वाढते, हे त्याला त्या संध्याकाळी समजले. हा धडा मी कित्येक तरुण कारकुनांना शिकवू शकलो नव्हतो.

खिडक्यांना काच हवी तर वाळू भट्टीत घालावी लागते. एका कोळशावर आठ नग भाजतात. ६४ वाळूंना कोळसे किती? खेळातील गावकऱ्यांशी पाचू देऊन देवघेव करता येते आणि एकच वस्तू वारंवार घेतली तर तिचा भाव चढतो. व्यापारी घरातील मुलाला मागणी आणि भाव यांचे नाते समजावण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

पालकांनी काही पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. खेळात राक्षस येतात आणि प्राणी मारून अन्न मिळवण्याचीही सोय आहे. ज्या घरांना हे रुचणार नाही त्यांनी 'पीसफुल' पातळी निवडावी, म्हणजे राक्षस येत नाहीत. 'क्रिएटिव्ह' प्रकारात तर भूकच लागत नाही, केवळ बांधकाम उरते. अनोळखी लोकांबरोबरचा खेळ आणि संभाषण बंद ठेवावे. खेळातील दुकानाला आपले कार्ड जोडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी वहीत आराखडा, मग खेळ. आज काय बांधणार, किती ठोकळे लागतील, हे लिहिल्याशिवाय टॅब्लेट हाती देऊ नये. नियोजन नसेल तर हाच खेळ तासन्‌तास वेळ खातो. तेव्हा तो काहीच शिकवत नाही, हेही मी पाहिले आहे.

आमचा वाडा जिन्यापाशी अडला. खरेदीखतात जिना नव्हता, विहिरीची जागाही नव्हती. नातू विचारी, "पायऱ्या किती होत्या?" मला आठवेना. आठवणारे एकच गृहस्थ होते, माझे थोरले बंधू. वाटणीनंतर आमचे बोलणे लग्नकार्यापुरतेच उरले होते. दोन दिवस मी टाळले. तिसऱ्या दिवशी नातवानेच फोन लावून माझ्या हाती दिला.

"अकरा," दादा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "सहाव्या पायरीवरून तू पडला होतास, विसरलास? आणि विहीर जिन्याच्या डावीकडे. पोराला सांग, कठडा नीट बांध."

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. प्रथम नातवाकडे बांधकामाची चौकशी, मग माझ्याकडे. माळवद अजून पूर्ण व्हायचे आहे. कपाटाची किल्ली मी नातवाच्या आजीकडे सोपवली आहे. खेळाची वेळ तीच ठरवते आणि ती आम्हां दोघांनाही लागू आहे.